आतला दाणा

तिसऱ्यांदा फ्यूज उडाला
तेव्हा सुपडूभाऊ गप्पच बसले.
अमळनेर, दुपारचे दोन.
बाकावर सत्त्याहत्तर सालचा ॲम्प्लिफायर उताणा,
पोटात जिनिंगची रुई साचलेली.
कपॅसिटर बदलून झाले, सोल्डर नवं,
व्होल्टेज दोनदा मोजलं, बरोबर.
तरी उजवी बाजू गुरगुरते
आणि जळते.

मग कालच बसवलेला ट्रान्झिस्टर काढला,
त्यावर थिनरचा बोळा फिरवला.
नंबर बोटाला लागून आला,
कंपनीच्या नावासकट.

हॅक्सॉनं टोपी कापली.
एवढ्या मोठ्या डबीत
राईएवढा दाणा.
जुना, मेलेला, डब्यात टाकून दिलेला,
तोही कापला:
काळा पडलेला, पण तुरीच्या डाळीएवढा.
पंचेचाळीस वर्षं ओढलं त्यानं.

"काय व्हयनं भाऊ?"
रघा बेलदार दारात, चपला हातात.
भाऊंनी दोन्ही टोप्या त्याच्या तळहातावर ठेवल्या.
तो बराच वेळ बघत राहिला,
कुठला आपला, ते न विचारता.

भाऊंनी वही काढली.
याच पाकिटातले दोन एरंडोलला,
चार पारोळ्याच्या बँडवाल्याला,
पैसे रोख, गॅरंटी तोंडी.
चष्मा पुसला. फोन लावला.
"पिंटू, आज हळद आहे ना कुठं?
मशीन चालू करू नको.
मी येतोय."