मत विचारलं तं

माझ्याकडं गाडी नाही.
लूना आहे, तिले चाबी लागत नाही,
लाथ लागते.
म्हणून नंदोरी चौकात, माझ्याच पानठेल्यासमोर
लोक गाड्यायबद्दल बोलत असले
तं मले कोणी काही विचारत नाही.
मी खर्रा घोटतो. ऐकतो.

डोमाजी कोहळेनं नवी घेतली, छताले काच असलेली.
हेमराज उईके तिच्याभोवती एक चक्कर मारून आला.
"मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर जाते,
आपण टिनावर तुऱ्हाट्या टाकतो, पाणी शिंपतो,
अन् तू बाप्पा पैसे देऊन भोक पाडून आणलं?"
डोमाजी म्हणे, वरातीत पोरगं उभं राह्यते त्यातून.
कोणाच्या वरातीत, ते नाही सांगितलं.
पोरगं चवथीत आहे.

शालू नगराळे शाळेची व्हॅन चालवते.
सुट्टे घ्याले थांबते, इंजन चालूच.
तिचं मत इतकंच: "क्लच हलका पाह्यजे."
अन् गेली.

बाजूच्या सीटवर वजन ठेवलं का
डोमाजीची गाडी कुईंकुईं करते, पट्टा लावा म्हणते.
परवा त्यानं चन्याचा कट्टा ठेवला होता.
हिंगणघाटपर्यंत ते कोण ऐकन?
कट्ट्यालेच पट्टा बांधला.
पंपावरचा पोरगा वाकूवाकू पाहे,
इतका शहाणा कट्टा
त्यानं कधी पाह्यला नव्हता.

अन् लेन सोडली का स्टेरिंग थरथरते म्हणे.
"लेन?" हेमराजले ठसका लागला, पाणी द्या लागलं.
आमच्या रस्त्यावर पांढरी रेघ एकच,
जिनिंगकडं जाणाऱ्या मेटॅडोरमधून उडालेल्या कापसाची.
वारा आला का तेही सरकते.

मंग शालूचा वेदू आला, थैलीत दोन डबे घेऊन.
एक मामानं नागपूरहून आणलेला, नवा, वायरच नाही.
एक जुना, सीताबर्डीच्या फुटपाथवरचा,
लाल-पांढऱ्या-पिवळ्या शेपटीचा.
जुना गेम नव्यात चालत नाही, म्हणून तोंड पाडलं होतं.

आता गेमबद्दल इथं कोणाले काय समजते?
पण मत सगळ्यायजवळ.
डोमाजी म्हणे, "कंपनी एकच आहे ना? मंग चालालेच पाह्यजे."
"कंपनी एकच आहे काका. ते वळखतच नाही."
हेमराज म्हणे, "आमच्या बापाच्या वखराले
नवा ट्रॅक्टर लागते.
एक पिन बदलली का झालं.
गेमवाल्यायनं ट्रॅक्टरवाल्याइथी चार दिवस रोजीनं याव."
वेदू म्हणे, "पिनच तं नाही ना."

माझ्या ठेल्यात सुपारीच्या डब्यामागं
एक डबडा टीव्ही आहे, क्रिकेटपुरता.
त्याले तीन भोकं आहेत, लाल, पांढरं, पिवळं.
आठ वर्षं झाले, त्यात कोणी काही घातलं नव्हतं.
वेदूनं फुंकर मारली, घातलं.
निळी गाडी धावाले लागली.
भिताडाले धडकली, उलटली, तीनदा लुकलुकली,
अन् पुन्हा सरळ, जसं काही झालंच नाही.
सगळे चूप उभे होते.
डोमाजी म्हणे, "हे किती देते मायलेज?"

तवाच वेदूनं मान न वळवता इचारलं,
"तुमाले गाडीतलं काय आवडते, काका?"
पयल्यांदा कोणी इचारलं. माझा हात थांबला.

म्हटलं, रात्री मी फळ्या लावतो,
कोणी गाडीतून उतरते, दार लावते, चालाले लागते,
तवा आतला लहान लाईट एकदम नाही जात.
थोडा थांबते.
मंग हळूहळू, दम घेत घेत, कमी होते.
रिकाम्या सीटा दिसत राह्यतात तेवढ्यात,
एखाद्या सीटवर पाण्याची बाटली.
ते आवडते.

डोमाजी म्हणे, "ते तं सगळ्याच गाड्यायत येते."
येत असन.
मी म्हटलं, किती चुना, जास्त का कमी?