हातोडीचा कान

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी
वेंडेल ह्रोबाक रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येतो,
आणि मी बाटलीवर लेबल चिकटवेपर्यंत
बोटाच्या पेराने काउंटर वाजवून बघतो.
"भुसा," म्हणतो. "दाबून चिकटवलेला भुसा.
याला लाकूड म्हणू नका."

एकतीस वर्षं तो फर्न हॉलो पार्कमध्ये
रूळ चालायचा.
हेझलटन अजून साखरझोपेत, गवत ओलं,
आणि हा 'ब्लू हेरन'च्या पाठीवर
ऐंशी फूट उंच, एका फळीच्या रुंदीवर,
दर दोन पावलांना हातोडीचा एक ठोका.
घट्ट बोल्ट टणकन बोलतो.
सैल बोलतो दमेकऱ्यासारखा.
कुजलेली फळी काहीच बोलत नाही,
ठोका गिळून टाकते.
घरी भांडण झालं असेल त्या दिवशी
तो दोनदा चालायचा.
रागात कान लागत नाही नीट, म्हणाला.

मी एकदाच बसले त्यात.
मुलगी नऊ वर्षांची, तिने हट्टाने शेवटचा डबा धरला.
साखळी खटखट खटखट वर ओढत होती
आणि मी या प्रकाराला मराठीत शब्द शोधत होते:
आकाशपाळणा नाही, घसरगुंडी नाही...
माथ्यावर क्षणभर सगळं थांबलं.
कोळशाच्या कचऱ्याचे काळे डोंगर,
चर्चचे कांद्यासारखे घुमट,
पार्किंगमधली आमची डबा गाडी.
मग पोटात असा गोळा आला
की तो शब्द वरच राहिला.

आख्खा सांगाडा हलत होता हो,
मी खाली येऊन तक्रार केली.
गेटपाशी तेलकट हात पुसणारा माणूस म्हणाला,
"हलायलाच हवा.
हलायचा थांबेल त्या दिवशी उतरा."
ती आमची पहिली ओळख.

पार्क बंद पडलं.
अकरा हिवाळे बर्फाने फळ्यांत पाणी भरलं,
पहिल्या उतारातून बर्चची झाडं वर आली,
आणि त्या साऱ्या काळात कोणीच
एकसुद्धा फळी बदलली नाही.

मग लायब्ररीच्या तळघरात सुनावणी.
जागा घेणाऱ्या कंपनीचा वकील, आवाज मऊ:
"मिस्टर ह्रोबाक, वास्तू ऐतिहासिक म्हणता.
यातलं एकोणीसशे चोवीस सालचं लाकूड किती?"
वेंडेलने खरं सांगितलं.
"एक फळीही नाही.
सगळ्या मी बदलल्या. काही तीनदा."
मागच्या रांगेत कोणीतरी हसलं.
तिथेच संपलं सगळं.

उत्तर त्याला गाडीची किल्ली शोधताना सुचलं:
सस्क्वेहाना नदीत चोवीस सालचं पाणी किती,
एवढंच विचारायचं होतं त्याला.
पण तोवर दिवे घालवले होते,
आणि वकील पार्किंगमधून मागे मागे येत
हात हलवून 'गुड नाइट' म्हणत होता.

पाडताना तो कुंपणाशी उभा होता.
बघायला नव्हे, म्हणाला, ऐकायला.
यंत्राने पहिला चढ चाळीस मिनिटांत खाली आणला.
धडाम वगैरे काही नाही.
खिळे सुटताना मात्र एक बारीक, लांब आवाज,
तो काही मला करून दाखवता येणार नाही, म्हणाला,
आणि करून दाखवायचा प्रयत्न केला,
आणि रांगेतल्या बाईने फोनवरून मान वर केली.

ट्रकवाल्याने त्याला एक फळी दिली.
खालच्या अंगाला पेन्सिलीने त्याचंच अक्षर:
बसवल्याची तारीख, सत्त्याऐंशीचा मे,
आणि शेजारी, *पाऊस*.
"तुम्ही बाटलीवर घालता ना, तशी तारीख," म्हणाला.
मी म्हटलं, आम्ही संपण्याची घालतो.
त्याने बाटली डोळ्यांजवळ नेली, वाचली,
आणि कोटाच्या खिशात टाकली.

आता दुकान बंद करताना
मी कपाटं, चौकट, मागचं दार
पेराने वाजवत जाते.
चौकट जुनी आहे. ती बोलते काहीतरी.
मला अजून कळत नाही.