आठ हातांची उपाशी

तारीख वहीत आहे, म्हणून सांगते.
काठीला लाल फडकं बांधून आम्ही
प्रवाळाचा तो पट्टा बंद केला,
अकरा आठवडे.
माणसं सगळी हातावरच्या पोटाची,
आणि त्यांनाच म्हणायचं, हात आवरा.
वेलोंजारा सभेत उठून म्हणाला,
"समुद्राला कुलूप घालताय,
किल्ली कुणाच्या कनवटीला?"
कुणी हसलं नाही.

पहिली ओहोटी सरली. दुसरी.
कसावा शिजायचा, वर तोंडी लावायला कसावाच.
पुरुषांनी होड्या लांब नेल्या,
शिडाला ठिगळ, ठिगळाला ठिगळ.
दुकानदारानं उधारीचं पान उलटलं,
मग वहीच मिटली.

सोआझाराच्या नातवाला ताप चढला
त्या अवसेच्या रात्री पाणी पार कडेला हटलेलं.
ती भाला घेऊन निघाली.
मी पाहिलं.
राखण माझी होती,
हाक मारली नाही.

कपारीच्या तोंडाशी दगड रचलेले,
शिंपले, एक फुटका शंख.
तिनं बोटानं एक दगड सारला, बत्ती आत धरली.
होरिता. मादी.
छताला अंड्यांच्या लडी,
तांदळाच्या कण्या दोऱ्यात ओवाव्यात तशा,
आणि ती त्यांच्यावर पाणी फुंकत बसलेली,
रंग उडालेला, कातडी सैल.
आठ हात,
आणि कित्येक दिवसांत एक घास नाही.

सोआझारानं तिला मारली.
हे लिहायलाच हवं.
चोरून विकली, निम्म्या भावात.
गोळ्या आल्या, ताप उतरला.
चौथ्या दिवशी ती आपणहून सभेत आली,
दंडाची कोंबडी खाली ठेवली. घरातली शेवटची.
"अंडी किती होती?" वेलोंजारानं विचारलं.
"भात टाकताना दाणे मोजतोस का रे?"

फडकं काढलं त्या पहाटे
बायका, पोरं, बादल्या, गुडघाभर पाणी.
काटा माझ्याकडे.
पाऊण किलोची सवय लागलेला तो काटा
तीनवर, साडेतीनवर जाऊन थरथरला.
व्यापाऱ्यानं दुपारपर्यंत भाव पाडला; पाडणारच.
तरी दुकानातल्या वहीतली नऊ नावं खोडली.
चार राहिली. त्यातलं एक माझं.

राजधानीहून आलेल्या पोरानं विचारलं,
गरिबी किती टक्क्यांनी घटली?
म्हटलं, झाफिसोआच्या चुलीतून
आता दोन वेळा धूर निघतो.
तो कागदावर रकाना शोधत राहिला.

त्यानंतर तीनदा बंद केला, तीनदा उघडला.
सोआझारा अजून येते सगळ्यांच्या आधी.
कपारीच्या तोंडाशी दगड रचलेले दिसले
की भाला खांद्यावर टाकून पुढे जाते.
काल वजन करताना मी हळूच विचारलं,
किती सोडल्यास?
तिनं ओल्या हाताची पाच बोटं वर केली.
माझ्याकडे पाहिलं.
एक मिटलं.