पेव, हरिपूर

अर्जात विचारलं होतं: तुमची ओळख, दोनशे शब्दांत.
मी एकशे साठावर अडकले.

इथं येऊन महिना झाला. बाकीचे
संगमाचा गाळ वाळवतात,
बंगळूरचा एकजण पुराच्या खुणा
भिंतींवरून कागदावर घासून घेतो.

मला पेवात उतरायचंय.

दस्तगीरचाचा दोराला डबा बांधतात,
डब्यात पणती. खाली सोडतात.
"विझली तर हवा नाही. मग उतरायचं नाही."

पुरानंतर पेवात हळद नाही,
वास आहे.

"कुणाची गं तू?"
"म्हादू ऐवळेची पणती.
तो इथंच उतरायचा, पोती घेऊन."

चाचा माझ्याकडे बघत नाहीत.
दोर हातभर अजून सैल सोडतात.

खाली
जळतेय.