स्केलबेकचा पूल

वरून पाहिलं तर एकच पूल.
दोन कमानी, मधे पाणी कापणारं दगडी नाक,
नाकाच्या माथ्यावर कठड्याला तिकोनी खळगा:
घोडागाडी आली की पायी माणसानं
पोट आत घेऊन तिथे उभं राहायचं.
आता तिथे विनिफ्रेड उभी असते,
ट्रॅक्टरवाल्या पुतण्याला हात करत.

खालून पाहिलं तर दोन.
कमरेपर्यंतच्या रबरी बुटांत मी नदीत उतरते,
मान दुखेस्तोवर वर बघते.
वरच्या अंगाला जुन्या चार फासळ्या,
खालच्या अंगाला सपाट घडीव चिरे,
मधे एक सांधा, माझं बोट जाईल एवढा.
सतराशे एकाहत्तरच्या पुरानंतर
परगण्याला रस्ता रुंद हवा होता;
जुनं न पाडता नवं शेजारी खेटवलं.
अडीचशे वर्षं खेटून आहेत.
एकमेकांत गुंतलेला दगड एकही नाही.

हातोडीनं ठोकत जाते.
खण्. खण्. खण्. भद्द.
वहीत फुली.
तिथे साठ सालच्या सुमाराला कुणीतरी
चुन्याऐवजी सिमेंट भरलंय.
चुना सावकाश धरतो, आणि त्या माणसाला
बहुधा संध्याकाळची बस गाठायची होती.

मार्चमध्ये, फोनमधल्या बाईचं ऐकून
एक लॉरी सात टनांच्या पाटीला न जुमानता आत शिरली.
कठड्याचे चौदा चिरे नदीत.
मी पोचले तेव्हा विनिफ्रेड, वय एकोणऐंशी,
गुडघाभर पाण्यात दगडांवर खडूनं आकडे घालत होती,
आणि टायरन नावाचं ड्रायव्हर पोरगं
तिच्या थर्मासमधला चहा पीत रडकुंडीला आलेलं.

नऊ नंबर उताणा पडला होता.
बैठकीच्या अंगावर, जे कुणाला दिसायचंच नव्हतं,
पाथरवटाची खूण: बाण, आडवी रेघ.
शेजारी सुरू करून सोडलेलं एक अक्षर,
जे, शेपटीशिवाय.
जुन्या हिशेबात एक जेबेझ आयरटन सापडतो,
रोज अठरा पेन्स, एका शनिवारी गैरहजर.
तोच असेल असं नाही.
विनिफ्रेड म्हणाली, लिहायला शिकत असेल.
टायरन म्हणाला, मुकादम आला असेल.

जूनमध्ये कठडा चुन्यात पुन्हा बसला.
गवंड्यानं विचारलं, हा तोंड बाहेर करून लावू?
लोकांना दिसेल.
"पालथाच घाल," विनिफ्रेड म्हणाली,
"पालथा जाणार म्हणूनच त्यानं लिहिलं."

अहवालात याला रकाना नाही.
मी भरलं: चिरे चौदा, मूळ जागी.
संध्याकाळी सामान आवरताना
चुना अजून ओला होता, बोट लावलं तर ठसा उठेल इतका.
रस्त्यावर कुणी नव्हतं.
लावलं.