फस्, फस्, फ…

आधी पैसे मोजून दिले, मग आत पाहतेय.
उलटंच झालं जरा. लग्नासारखं.
सालीनासच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी आहे,
दारावरचा सत्तेचाळीस खरवडलेला,
तरी उन्हाने जपून ठेवलेला.

हिला पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही.
कमरेत दबलेल्या घरात
फुगीर कुशीचा एक त्रिकोण फिरतो,
त्याच्यामागे दुसरा.

प्लग काढले, गेज लावला.
एलिसेओने स्टार्टर दिला.
पुढचा रोटर: फस् फस् फस्.
मागचा: फस्, फस्, फ…

त्याने सुईकडे पाहिलंसुद्धा नाही.
"टोकाचं सील असतं तर दोन बाजू लंगडल्या असत्या.
हे कडेचं. मेलेलं नाही, काजळीने चिकटलंय.
तेल पाज. थांब."

तेल पाजलं. थांबले.
तेवढ्यात सीटखाली हात घातला, तर शाळकरी वही,
पेन्सिलीतलं बारीक अक्षर:
टाकीमागे तेलाची एक बाटली. विसरू नकोस.
कोण कुणाला सांगत होतं?
खांद्याचे पट्टे कुणा लहानखुऱ्याच्या मापाचे,
बकलाजवळ झिजून मऊ झालेले.
सैल करायला गेले,
आणि ते काम उद्यावर टाकलं.

एलिसेओ दिवा मालवून गेला.
बाहेर गवतात कोकी बेडूक सुरू झाले,
को-की, को-की,
दोनच सूर, रात्रभर.
मी बॉनेटला टेकून
प्रत्येक वेळी
तिसऱ्यासाठी थांबत राहिले.