पान एकशे बारा

डॉक्टरणीने गोळ्यांच्या चिठ्ठीखाली
आणखी एक ओळ खरडली :
मंगळवार, सहा वाजता, वाचनालयाचं तळघर.
म्हटलं, "बाई, साखर रक्तात आहे माझ्या,
पुस्तक कशाला?"
ती हसली नाही.

उणे अठ्ठावीस होतं त्या संध्याकाळी.
दाराशी बुटांची रांग,
बुटांखाली वितळल्या बर्फाची थारोळी,
आणि आत पाच जण नुसत्या मोज्यांवर,
देवळात बसावं तसे.

चौतीस वर्षं मी थंडर बेच्या धक्क्यावर
बोटींच्या पोटात गहू ओतला.
कुठल्या कुठल्या देशांची भाकरी
माझ्या खांद्यावरून गेली,
आणि आता एकाहत्तराव्या वर्षी
कुणीतरी मला शिकवणार
घास कसा घ्यायचा.

शिकवणार म्हणजे ट्यूने.
निवृत्त नर्स. पाठ ताठ, पेन्सिल त्याहून ताठ.
मध्ये एक बशी : गाजर, सेलरी,
आणि ज्याला ती चटणी म्हणते ते काहीतरी.
"प्रकरण तिसरं. मीठ. कुणी वाचलं?"
ऑरव्हिलने छताकडे पाहिलं.
छतात पाइप होता. पाइपाने उत्तर दिलं नाही.

लिओना मात्र वाचून आलेली.
म्हणाली, हे 'अख्खं धान्य, अख्खं धान्य' करतात,
माझा मामा होडीत उभा राहून
दोन काठ्यांनी तळ्यातला रानतांदूळ झोडपायचा,
निम्मा होडीत, निम्मा पाण्यात.
पाण्यातला पुढच्या वर्षासाठी.
त्याचं प्रकरण कुठाय?
ट्यूनेने अनुक्रमणिका चाळली.
नव्हतं.

पुस्तकं वाचनालयाची, सहा प्रती,
दर आठवड्याला आपसात फिरणारी.
चौथी प्रत माझ्याकडे आली फेब्रुवारीत,
आणि पान एकशे बारावर,
जिथे लोणी हा शब्द
शत्रूच्या नावासारखा ठळक छापलाय,
बरोब्बर तिथे
एक तेलकट अंगठा उमटलेला.
पान दिव्यासमोर धरलं
तर पलीकडची ओळ दिसत होती.
नाकाशी नेलं.
वेलची.

वेलची आणि लोणी, म्हणजे पुल्ला.
आमच्या गल्लीत, जिथे अर्ध्या पाट्यांवर
अजून फिनिश आडनावं आहेत,
हा वास काय सांगणार?
चोर इथलाच. बस, एवढंच.

मंगळवारी मी पुस्तक मधोमध उघडून ठेवलं.
गाजर खाण्याचा आवाज थांबला.
ऑरव्हिल म्हणाला, मी तर लुथरन घरातला
(याचा संबंध मला अजून लागलेला नाही).
बेरिलने हात पुसले, जे कोरडेच होते.
लिओना म्हणाली, माझा असता
तर मी दोन्ही अंगठे उमटवले असते.
मग कुणीच काही बोललं नाही.
वर कुणीतरी खुर्च्या ओढत होतं.

"माझा आहे," ट्यूने म्हणाली.
पेन्सिल खाली ठेवली. समांतर.
"रात्री. उभ्याने. ओट्यापाशी.
तीन खाल्ले. प्रकरण संपेपर्यंत."

आम्ही कुठे पाहावं, कळेना.
नंतर बेरिलला खुदकन हसू फुटलं,
ते दाबायला गेली तर नाकातून आलं,
आणि मग ऑरव्हिल,
आणि मग शिस्तीची ती पाठ
खुर्चीला टेकलेली मी पहिल्यांदा पाहिली.

पुढच्या मंगळवारी तिने पुल्ला आणला,
एकच, वेणीसारखा गुंफलेला,
आणि पिशवीतून स्वयंपाकघरातला तराजू.
सहा तुकडे. तीस तीस ग्रॅम.
माझा एकतीस भरला.
तिने पाहिलं. सुरी उचलली.
ठेवून दिली.

एप्रिल उजाडलाय, धक्क्यावरचा बर्फ तडकतोय,
आम्ही अजून पान एकशे बारावरच आहोत.
साखर थोडी उतरलीय म्हणे.
डॉक्टरणीने विचारलं, काय केलंत?
म्हटलं, वाचतोय.
सावकाश.